हरवलेली रिळं
(महाळुंगे येथील महिला बैठकीतील भाषण)

रुबी मायर्स बगदादी ज्यू समाजातली, जन्म पुण्याचा, १९०७ चा. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी सोडून ती सिनेमात आली, ‘सुलोचना’ म्हणून गाजली. पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) ज्यांच्या नाटकावरून निघाला, ते जोसेफ डेव्हिड बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. आज ‘आलम आरा’ची एकही प्रत मिळत नाही. सुलोचनाचे बहुतेक मूकपटही गेले. कित्येक जुनी रिळं त्यांतल्या चांदीसाठी भंगारात विकली गेली. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं ते १९६४ मध्ये. तोवर उशीर झाला होता.

आपल्यातल्याही कितीजणी पोटासाठी या पट्ट्यात आल्या. आपले मोर्च्यांचे फोटो, पत्रकं, गाण्यांच्या वह्या रद्दीत जाऊ देऊ नका. त्यांवर नावं आणि तारीख घाला, एक प्रत गटाकडे ठेवा.