आजारी कोंबड्याची शुश्रूषा

घरांत गाय आजारी पडली तर सारें घर जागें होतें. कुत्रें आजारी पडलें तर मुलांना घांस गोड लागत नाहीं. पण कोंबडा आजारी पडला तर बहुतेक घरांत एकच प्रश्न निघतो, "आतां याचें काय करायचें?" या प्रश्नांत औषधाचा विचार क्वचितच असतो. कोंबडी अंडें देते, म्हणून तिच्यासाठीं चार पैसे खर्च करावेसे वाटतात. कोंबडा तेंहि देत नाहीं. अंड्यांच्या धंद्यासाठीं पिलें उबविणाऱ्या केंद्रांत नर पिलांना जवळजवळ मोलच नसतें. तींच पिलें हिरव्या-गुलाबी रंगांत बुडवून शहरोशहरींच्या बाजारांत अल्प किंमतीला विकलीं जातात आणि मुलांच्या हट्टापायीं सुशिक्षित घरांत येऊन पोहोंचतात. अशा बिनमोलाच्या जीवाची शुश्रूषा करण्यांत कांहीं अर्थ आहे काय, आणि असल्यास ती कशी करावी, याचा विचार एका घरच्या हकीकतीच्या आधारें करतां येईल.

अमरावतीच्या इतवारा बाजारांतून एका अकरा वर्षांच्या मुलानें पावसाळ्याच्या आरंभीं अशीं दोन पिलें आणलीं. एक घरीं राहिलें. दुसरें अकोल्यास मोर्णा नदीच्या बाजूस राहणाऱ्या मावशीकडे गेलें. अमरावतीच्या पिलाचा गुलाबी रंग लवकरच गेला, पांढरीं पिसें आलीं, डोक्यावर लाल तुरा उभा राहिला, आणि अडीच महिन्यांचें होतां होतां तें घोगऱ्या आवाजांत आरवण्याचा प्रयत्नहि करूं लागलें. शेजाऱ्यांना त्याचें हंसूं येई. भाद्रपदांतल्या एका सकाळीं मात्र कोणी हंसलें नाहीं, कारण कोंबडा आरवलाच नाहीं.

तो खुराड्याच्या कोपऱ्यांत मान आंखडून, पिसें फुलवून, डोळे अर्धवट मिटून उभा होता. दाणे टाकले तेव्हां तो पुढें आला, चोंच खालीं नेली, पण दाणा उचलला नाहीं. हें लक्षण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. रानांत दुबळा दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या दृष्टीस प्रथम पडतो. म्हणून दुखणें शक्य तोंवर लपवावें हा पक्ष्यांचा जन्मजात स्वभाव आहे. कोंबडा उघड उघड आजारी दिसूं लागतो, तेव्हां दुखणें बहुधा एक-दोन दिवसांचें जुनें झालेलें असतें. यासाठीं तो निरोगी असतांनाच त्याच्याकडे रोज पाहिलें पाहिजे. तुऱ्याचा रंग कसा आहे, विष्ठा घट्ट आहे कीं पातळ, रात्रीं निजतांना गळ्याखालची अन्नाची पिशवी भरलेली आहे कीं रिकामी, हें पाहावें, आणि आठवड्यांतून एकदां वजन करावें. त्या मुलाला सुदैवानें वजनाचा नाद होता. स्वयंपाकघरांतील कांट्यावर त्यानें आदल्या रविवारीं १,०८० ग्रॅम टिपून ठेवलें होतें. त्या सकाळीं ९३० भरलें.

वडिलांचें मत स्पष्ट होतें. "एका कोंबड्यापायीं दवाखाना? अंडं तर द्यायचं नाहीं त्यानं. मरण्यापेक्षां आजच कोणाला तरी देऊन टाकूं." देऊन टाकण्याचा अर्थ मुलालाहि कळत होता. तो कांहीं बोलला नाहीं. कोंबड्याला पोटाशीं धरून उभा राहिला. आजीचें लहानपण दर्यापूरकडच्या खेड्यांत गेलेलें. ती म्हणाली, "दुखणाईत जीव दुसऱ्याच्या घरीं कायले धाडतं, बाप्पा? त्याले आधी बाजूले ठेव, मंग पाहू." आजीचें म्हणणें शास्त्रालाहि धरून होतें. कोणता रोग आहे हें कळण्यापूर्वीं पक्षी विकणें किंवा वाटणें म्हणजे तो रोग घरोघर नेऊन पोहोंचविणें होय.

आजीनें बांबूचें डालें काढलें, ओसरीच्या कोरड्या कोपऱ्यांत ठेवलें आणि खालीं जुनीं वर्तमानपत्रें अंथरलीं. कागदावर विष्ठेचा रंग स्पष्ट दिसतो व तो रोज बदलतां येतो. एका बाजूस चाळीस वॅटचा दिवा कागदापासून व पिसांपासून दूर, पक्का बांधला. कोंबड्याच्या शरीराची उष्णता निरोगी स्थितींत १०६ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते. अन्न तुटलें कीं ही उष्णता टिकविणें त्याला जड जातें. म्हणून ऊब ही त्याची अर्धी शुश्रूषा होय. दिवा एकाच बाजूस असावा, म्हणजे नको वाटल्यास त्याला दूर सरकतां येतें. वैशाखांत मात्र हाच नियम उलटा करावा लागतो. वऱ्हाडांत पारा ४५ अंश सेल्सियसच्या घरांत गेला कीं कोंबडी चोंच उघडून धापा टाकूं लागते, कारण तिला घाम येत नाहीं. तेव्हां सावली, वारा व थंड पाणी हेंच औषध.

पाणी पाजण्यांत पुष्कळ घरीं चूक होते. चोंच बळेंच उघडून पाणी ओतलें तर तें श्वासनलिकेंत जातें, कारण तिचें तोंड जिभेच्या मागेंच असतें, आणि रोगानें न मेलेला पक्षी उपचारानें मरतो. चोंचीच्या कडेला एकेक थेंब लावावा व त्याचा त्याला गिळूं द्यावा. पाण्यांत मीठ अंदाजानें घालूं नये. जास्त मीठ कोंबडीला विषासारखें बाधतें. ज्वारीच्या कण्यांची मऊ पेज व उकडलेल्या अंड्याचा थोडा बलक आजीनें दर दोन तासांनीं पुढें ठेवला. आग्रह केला नाहीं. शेजारणींनीं लसूण, एरंडेल, घरांत उरलेली तापाची कॅप्सूल असे नाना उपाय सुचविले. आजीनें सर्वांचें ऐकून घेतलें, पण यांपैकीं कांहींच दिलें नाहीं.

हा संयम महत्त्वाचा होता. मान आंखडून उभा राहिलेला कोंबडा किती तरी रोगांत सारखाच दिसतो. जंतांनीं तो तसा दिसतो, देवीनें दिसतो, मानमोडीच्या आरंभीं दिसतो. १९०७ सालीं बुडापेस्ट येथें मारेक या पशुवैद्यानें पाय लुळे पडलेल्या कोंबड्यांचें वर्णन केलें. त्याच्याच नांवानें ओळखल्या जाणाऱ्या त्या रोगांतहि पक्षी प्रथम नुसता मलूल दिसतो. घरानें ऊब द्यावी, पाणी द्यावें, निरीक्षण टिपावें; रोगाचें नांव मात्र वैद्यानें सांगावें.

दुसऱ्या दिवशीं कागदावर रक्ताची छटा दिसली. तो कागद तसाच घडी करून वडील स्वतःच पशुवैद्यकीय दवाखान्यांत गेले; मुलाचें उतरलेलें तोंड त्यांना पाहवलें नसावें. सूक्ष्मदर्शकाखालीं निदान झालें, रक्ती हगवण. हा रोग आंतड्यांत वाढणाऱ्या एका सूक्ष्म परजीवीचा असून त्याचीं अंडीं ओलसर, उबदार केरांत एक-दोन दिवसांत रोगकारक बनतात. पाण्याच्या भांड्याखालचा भुसा पावसानें आठ दिवस ओला होता आणि तो बदलण्याचें काम त्या मुलाकडे होतें. घरांत कोणी त्याला बोललें नाहीं. तो त्या संध्याकाळीं जेवला नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं उजाडतांच त्यानें सारें खुराडें खरवडून उन्हांत टाकलें.

पिण्याच्या पाण्यांतून देण्यासाठीं अँप्रोलियम नांवाचें औषध पांच दिवसांपुरतें मिळालें. तिसऱ्या दिवशीं रक्त थांबलें. पांचव्या दिवशीं वजन ९६० झालें. आतां वडिलांनाच उत्साह चढला. "उरलेलं औषध वायां कशाला? आणखी दिलेलं बरं," असें म्हणून त्यांनीं तें वाढत्या प्रमाणांत आणखी बारा दिवस चालविलें, जोडीला खायला उरलासुरला पांढरा भात. कोंबड्याचें पोट सुधारलें, पण पाय लटपटूं लागले.

याचें कारण समजण्यासाठीं जावा बेटाकडे वळावें लागतें. १८९० नंतरच्या दशकांत बटाव्हिया, म्हणजे आजचें जाकार्ता, येथें आइकमन नांवाचा डच वैद्य बेरीबेरीचा शोध घेत होता. त्याच्या प्रयोगशाळेंतील कोंबड्या एकाएकीं लटपटून पडूं लागल्या. पुढें कळलें कीं त्यांना रुग्णालयाच्या स्वयंपाकघरांतील सडीक तांदुळाचा भात मिळत होता. नवा आचारी आला, त्यानें तो भात देण्याचें नाकारलें, कोंडा असलेला तांदूळ सुरू झाला आणि पक्षी बरे झाले. या शोधाच्या धाग्यावरूनच पुढें 'ब१' जीवनसत्त्वाचा पत्ता लागला व १९२९ सालीं आइकमनला नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. अँप्रोलियमचें कार्य नेमकें याच जीवनसत्त्वाची वाट अडविण्याचें आहे. त्यामुळें परजीवी उपाशी मरतो. पण मात्रा किंवा मुदत वाढली तर कोंबडाहि त्याच उपासमारींत सांपडतो. डॉक्टरांनीं औषध बंद केलें, जीवनसत्त्व दिलें, भाताऐवजीं ज्वारी-बाजरी व मिश्र खाद्य सांगितलें. आठवड्याभरांत पाय सावरले. ठरलेल्या मुदतीपलीकडे औषध देणें ही माया नव्हे, हें त्या घरानें स्वतःच्या कोंबड्यावरून शिकून घेतलें.

याच सुमारास अकोल्याहून मावशीचा निरोप आला. दुसरें पिलूं गेलें होतें, आणि शेजारच्या दोन घरांतील नऊ पक्षीहि चार दिवसांत गेले होते. हिरवट हगवण, धाप, मान वांकडी. मावशीनें मेलेले पक्षी मोर्णेंत टाकूं दिले नाहींत. खोल खड्ड्यांत चुना घालून पुरविले, आणि एक पक्षी, आधीं कळवून, अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यकीय व पशुविज्ञान संस्थेंत तपासणीस नेला. निदान राणीखेत, म्हणजेच मानमोडी, असें झालें. कुमाऊंतील राणीखेतवरून पडलेलें हें नांव १९२० नंतरच्या दशकांतलें. त्याच काळांत इंग्लंडांतील न्यूकॅसल येथेंहि हाच रोग ओळखला गेला. यावर उपाय नाहीं, लस आहे. पुष्कळ पक्षी एकाएकीं मेले तर दवाखान्यास कळविणें अत्यंत आवश्यक आहे, कारण बाहेरून असेंच दिसणारें संकट बर्ड फ्लूचेंहि असूं शकतें. फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें तो भारतांत प्रथम आढळला, तेव्हां लाखों कोंबड्या मारून टाकाव्या लागल्या होत्या.

मावशी दसऱ्यास अमरावतीस येणार होती. आजीनें तिला कळविलें, "बाई, यंदा नको येऊ, चपलेसंगं रोग येते." मावशीला वाईट वाटलें, पण ती आली नाहीं. हा विषाणू पादत्राणें व कपडे यांवरून खरोखरच प्रवास करतो.

आतां प्रश्न लसीचा उरला. आजारी पक्ष्यास लस देत नाहींत, म्हणून कोंबडा पुरता सुधारेपर्यंत थांबावें लागलें. पुढें अडचण निघाली ती वेगळीच. लसीची कुपी शंभर मात्रांची असते. ती बर्फांत ठेवावी लागते, आणि एकदां कालविली कीं तास-दोन तासांत संपवावी लागते. एका कोंबड्यासाठीं शंभर मात्रा कोण फोडणार? "याचें काय करायचें," असें विचारणारे वडील वही घेऊन गल्लींत फिरले. कोणाकडे चार गांवरान कोंबड्या निघाल्या, कोणाकडे खुडूक बसलेली एक, मागच्या वस्तींत एका विधवा बाईंकडे अकरा. त्या अकरांवर तिचा बाजारहाट चाले. एका रविवारीं सकाळीं त्रेचाळीस पक्ष्यांच्या डोळ्यांत थेंब पडला. टोंचणीची लस कांहीं आठवड्यांनीं द्यायची, तिची तारीख वडिलांनीं वहींत लिहून घेतली.

मुलानें वहीच्या शेवटीं कोंबड्याचें वजन टिपलें, १,४५० ग्रॅम. तो कोंबडा आतां रोज पहांटे चार वाजतां आरवतो. झोपमोड झाली म्हणून शेजारी तक्रार करतात, आणि आजी ती तक्रार समाधानानें ऐकून घेते.