उजेड सोसवत नाही त्यांच्यासाठी



वऱ्हाडाच्या उन्हाची ओळख अमरावतीकरांना करून द्यायला नको. मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे गेला आणि तिथं १४४ कलम लावावं लागलं. अशा दिवसांत बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू करत दुपारनंतर अकोल्याकडे निघालं, की सूर्य थेट समोर येतो. धडधाकट माणसाच्या डोळ्यांनाही धार लागते. ज्याचा डोळाच दुखरा आहे, त्यानं काय करावं? ‘डॉक्टरसाहेब, गाडीच्या काळ्या काचांसाठी एक चिठ्ठी द्या,’ ही विनंती इथूनच येते.

ही विनंती करणारे सगळे सारखे नसतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उजेड खुपतो, तो बहुधा काही दिवसांत निवळतो. डोळ्याच्या आतल्या पडद्याला सूज आली, तर उपचारांनी उतरते. पण अल्बिनिझम घेऊन जन्मलेल्या मुलाची गोष्ट वेगळी. त्याच्या डोळ्यांत रंगद्रव्यच नसतं किंवा फार कमी असतं. तपासताना प्रकाशाचा बारीक झोत बाहुलीतून आत सोडला, की भोवतालच्या पडद्यातून लालसर उजेड बाहेर फाकलेला दिसतो. जो पडदा उजेड अडवायचा, तोच पारदर्शक! भर दुपारी अशा मुलाला डोळे उघडे ठेवणं ही शिक्षा असते.

आता कायदा पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०० प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश पार गेला पाहिजे. अविषेक गोयंका यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २७ एप्रिल २०१२ रोजी काचांवर फिल्म चिकटवण्यालाच मनाई केली. काळ्या काचांआड होणारे गुन्हे हे त्यामागचं मोठं कारण. पुढे नियम बदलला आणि १ एप्रिल २०२१ पासून ठरल्या मानकांतलं ‘सेफ्टी ग्लेझिंग’ (फिल्म लावलेली सुरक्षा काच) चालतं. केरळ उच्च न्यायालयानंही २०२४ मध्ये तसाच निर्वाळा दिला. टक्केवारी मात्र तीच राहिली. आजारपणासाठी त्यात सवलत नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर ती मिळते.

मग आपणही सरसकट सवलत मागावी का? माझं मत स्पष्ट आहे: चालकासाठी मागू नये. हिशेब करून पाहा. ७० टक्के प्रकाश सोडणाऱ्या काचेवर ७० टक्क्यांचीच फिल्म लावली, तर आत येतो ४९ टक्के. फिल्म ३५ टक्क्यांची असेल, तर जेमतेम २५. दुपारी हे सुखाचं वाटतं. पण रात्री दिवा नसलेली बैलगाडी किंवा रस्ता ओलांडणारं पोर त्या काचेतून वेळेवर दिसणार नाही. चष्मा उतरवता येतो, फिल्म उतरवता येत नाही. म्हणून चालकानं दिवसा पोलराइज्ड गॉगल वापरावा, रस्त्यावरून उसळणारी तिरीप त्यानं कमी होते. रात्री मात्र गॉगल नकोच.

आणखी एक समज दूर करू. अतिनील किरण अडवायला काच काळी असावी लागत नाही. समोरची दुपदरी काच ते जवळजवळ पूर्ण अडवते; बाजूच्या काचांतून काही भाग आत येतो, आणि तो थोपवणारी पारदर्शक फिल्मही मिळते. ज्यांचा आजार अतिनील किरणांनी बळावतो, त्यांनी मानकांत बसणाऱ्या तशा फिल्मची चौकशी करावी.

उरतात मागच्या आसनावरचे ते मोजके रुग्ण, ज्यांना साधा उजेडच सोसवत नाही. त्यांच्यासाठी नियम १०० मध्ये तरतूद हवी: फक्त मागच्या बाजूच्या काचांपुरती, नेत्रतज्ज्ञांच्या मुदतबंद प्रमाणपत्रावर, आणि गाडीच्या नोंदणीपत्रावर नोंद करून. पोलिसाला कागद पाहताच खातरजमा करता यावी.

आपल्यापैकी कुणाच्या घरी असं मूल असेल, तर आधी त्याचे डोळे तपासून घ्या, रुंद काठाची टोपी आणि योग्य चष्मा द्या. आणि बाकीच्यांनी केवळ थाटासाठी काचा काळ्या करणं सोडावं. हौसेच्या काळ्या काचा जितक्या वाढतील, तितकी खऱ्या रुग्णाची मागणी संशयात सापडेल.