२८० रुपयांची फ्रेम आणि एक खोटा बिल्ला

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यूची तयारी नाही. आज सायकल.

मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो. कंपनी पुण्यात, पण महिन्यातले बरेच दिवस मी गंगापूरच्या घरूनच काम करतो. गेल्या वर्षी मी भंगारातल्या भागांपासून एक जुन्या वळणाची काळी सायकल तयार केली. व्हिडिओ बघितले की वाटतं, दोन वीकेंडचं काम आहे. मला सात महिने लागले. त्यात तीन मोठ्या चुका केल्या. पहिल्या दोन हाताच्या होत्या, तिसरी इमानाची होती. शेवटी तिच्याकडेच येणार आहे.

सुरुवात झाली भंगाराच्या दुकानात. मी खरं तर घरची जुनी बॅटरी विकायला गेलो होतो. पत्र्याच्या ढिगात एक फ्रेम दिसली. आडवी नळी सरळ, चिमटा जागेवर, चाकं गायब. मला त्यात सायकल दिसली, दुकानदाराला लोखंड. त्यानं काट्यावर टाकली. ७ किलो, ४० रुपये किलोनं २८० रुपये.

तुम्ही अशी फ्रेम घेणार असाल तर पैसे देण्याआधी दोन गोष्टी करा. पहिली, फ्रेमवरचा नंबर बघा आणि पावती घ्या. नंबर घासून काढलेला असेल तर हात जोडून घरी या, माल चोरीचा असू शकतो. दुसरी, एक दोरी घ्या. मागच्या चाकाच्या एका खाचेला बांधा, पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणून आणा. आता सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोरीचं अंतर मोजा. सारखं आलं तर फ्रेम सरळ. मग नळ्यांचे सांधे घासून बघा, बारीक भेग तिथंच लपलेली असते. गंज काढता येतो, पण भेग पडलेल्या फ्रेमवर जीव टांगू नका.

आता मोठा प्रश्न. चाक एका सायकलचं, हँडल दुसरीचं, चेनकव्हर तिसरीचं. हे सगळं एकमेकांना बसतं कसं?

त्यासाठी थोडं मागं जावं लागतं. आज आपण जिला सायकल म्हणतो, दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला चेन, तिचा पाया इंग्लंडमध्ये १८८५ साली जॉन केम्प स्टार्ले यांच्या रोव्हर सायकलनं घातला. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेचा टायर आणला. आपल्याकडं स्वातंत्र्यानंतर कारखाने उभे राहिले. १९४९ मध्ये मद्रासला टी.आय. सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, १९५१ मध्ये सोनीपतला अॅटलस, १९५६ मध्ये लुधियानाला हीरो. इंग्रजी सायकलचा तोच नमुना इथं आला आणि मापंही इंचातच राहिली. २८ बाय दीड इंचाचं चाक, अर्धा इंची चेन, पुढच्या चाकाला ३२ तारा आणि मागच्याला ४०. मागं जास्त, कारण माणसाचं वजन आणि कॅरिअरवरचं पोतं दोन्ही मागंच येतं.

आमच्या भाषेत याला बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणतात. आम्ही दोन वर्षांपूर्वीचं अॅप चालू ठेवताना रडतो. इथं पिढ्यान्‌पिढ्या तेच माप चाललंय. म्हणून भंगारातून सायकल उभी राहू शकते.

पण सगळंच बसत नाही, आणि इथं माझी पहिली चूक. मी ऑनलाइन '२८ इंची' टायर मागवला. आला, लावायला बसलो. अंगठे सोलले तरी टायर रिमवर चढेना. नंतर कळलं की २८ हा आकडा दोन वेगळ्या चाकांवर लिहिलेला असतो. नव्या हायब्रिड सायकलींच्या चाकात टायर बसतो ती जागा ६२२ मिलिमीटर व्यासाची, आपल्या काळ्या सायकलच्या चाकात ६३५. फरक फक्त १३ मिलिमीटर, पण जन्मात बसणार नाही. म्हणून इंच बघू नका, टायरच्या कडेला छापलेला तीन आकडी नंबर बघा. ६३५ पाहिजे.

दुसरी चूक जरा लाजिरवाणी आहे. क्रँकचा दांडा ज्या नळीतून जातो, तिच्या दोन्ही बाजूंना छर्ऱ्यांच्या कटोऱ्या असतात. डावी निघाली, उजवी हलेना. मी पान्याला लांब पाइप लावला आणि अख्ख्या अंगानं जोर दिला. पाना घसरला, कटोरीच्या कडा गोल झाल्या, माझा गुडघा फुटला. मग फ्रेम खांद्यावर टाकून गेलो बसस्टँडकडं, चाचांच्या दुकानात. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी, पंक्चरचं पाण्याचं घमेलं आणि चाळीस वर्षांचा हात.

चाचांनी पान्याकडं बघितलं, माझ्या गुडघ्याकडं बघितलं.

"बेटा, किती जोर लावला?"

"खूप लावला चाचा."

"मंग तेवढी घट्टच केली की तू. तिकडचे आटे उलटे असतात."

उजव्या कटोरीचे आटे उलटे, आणि डाव्या पायडलचेही उलटे. कारण साधं आहे. छर्रे फिरताना आजूबाजूच्या भागाला हळूहळू उलट्या दिशेनं ढकलत राहतात. आटे सुलटे ठेवले तर सायकल चालवता चालवता भाग सुटत जाईल. उलटे ठेवले की चालवता चालवता आवळला जातो. मी बीटेक मेकॅनिकल नाही, कॉम्प्युटरचा आहे, पण तरी लाज वाटली.

त्या दिवसापासून मी संध्याकाळी लॅपटॉप मिटला की चाचांकडं जायला लागलो. कॉटर पिन कशी काढायची ते त्यांनी दाखवलं. आधी दोन दिवस तेल सोडायचं, मग क्रँकखाली लोखंडी पाइपचा टेकू द्यायचा आणि मगच हातोडी. टेकू नसेल तर घाव पिनेला लागत नाही, आत छर्ऱ्यांना लागतो. रिमचा आऊट काढायला मी मोबाइलवर स्लो-मोशन व्हिडिओ घेत होतो. ते चिमट्याला अंगठा टेकवायचे, चाक फिरवायचे, नख कुठं घासतं ते ऐकायचे आणि नेमकी तीच तार अर्धा फेरा आवळायचे. पूर्वी त्यांच्याकडं तासावर भाड्यानं द्यायला सायकली होत्या. आता गिऱ्हाईक येतं ते बहुतेक लहान पोरांच्या सायकलीचं पंक्चर घेऊन. अॅटलसनं साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद केला, त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता. मी ही बातमी चाचांना सांगितली. ते म्हणाले, "कारखाना बंद झाला, सायकल थोडी बंद झाली?"

सातव्या महिन्यात सायकल उभी राहिली. पुढं ४४ दात्यांचं चक्र, मागं १८ दात्यांचं फ्रीव्हील. पायडलचा एक फेरा मारला की सायकल साधारण साडेपाच मीटर पुढं जाते. सळईचे ब्रेक, त्यांचे रबर रिमला आतल्या बाजूनं धरतात. दिसायला राजेशाही, पण खरं सांगतो, पावसात स्टीलची रिम ओली झाली की ब्रेक नुसता विनंती करतो. पहिली मोठी राइड कायगाव टोक्याला, गोदावरी-प्रवरेच्या संगमावर. परत येताना एवढा खूश होतो की काय सांगू.

आणि इथंच तिसरी चूक. सायकल 'व्हिंटेज' दिसावी म्हणून मी एका जुन्या इंग्लिश कंपनीचा पितळी बिल्ला ऑनलाइन घेतला आणि हँडलखालच्या नळीवर रिवेट मारून बसवला. सोनेरी रेघा मारल्या. फोटो टाकला. दोन दिवसांत संभाजीनगरहून एकाचा मेसेज. कॅफेच्या भिंतीवर लावायला पाहिजे होती. भाव २२ हजार. माझा सगळा खर्च झाला होता ६,४००. त्यानं विचारलं, "१९५० ची ओरिजिनल आहे ना?" मी लिहिलं, "हो, त्याच काळातली."

दुसऱ्या दिवशी चाचा शेवटचा हात फिरवायला घरी आले. बिल्ल्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे कोणाचं?"

"कंपनीचं आहे चाचा. किंमत वाढते."

"फ्रेम भंगारातली, चाक मी ओढलेलं, चेन लुधियानाची. यात त्या कंपनीचं काय आहे?" थोडं थांबून म्हणाले, "माझं नाव नको लावू बेटा. पण त्यांचं पण नको लावू."

मी काहीच बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच.

पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे. तिथं खरोखरच्या जुन्या सायकली जपल्यात. ते जतनाचं काम आहे. कुठला भाग मूळचा, कुठला नंतरचा, याला तिथं अर्थ असतो. मी केलं ती जोडणी. तेही चांगलं काम आहे, त्यात कमीपणा काहीच नाही. गडबड तेव्हा होते, जेव्हा जोडणी जतनाचं नाव लावून बाजारात जाते. उद्या कोणी तुम्हाला 'ओरिजिनल' म्हणून विकायला आलं, तर लक्षात ठेवा, बिल्ला दोन रिवेटवर बसतो. एखाद्या भागावर साल कोरलेलं असलं तरी ते त्या भागाचं साल असतं, अख्ख्या सायकलचं नाही.

त्या रात्री मी ड्रिलनं रिवेट उडवले. कॅफेवाल्याला खरं लिहिलं. त्यानं भाव ८ हजारांवर आणला, आणि मला विकावीशी वाटली नाही. आता बाबा रोज सकाळी तीच घेऊन दूध आणायला जातात. कॅरिअरवर पहिलाच ओरखडा त्यांनी पाडला. मी चिडलो, मग गप्प बसलो. सायकल भिंतीवर गेली असती तर हा ओरखडा पडला नसता.

जाता जाता एवढं लक्षात ठेवा. फ्रेम, हँडल, मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर बिनधास्त जुनं घ्या. ब्रेकचे रबर, चेन, कॉटर पिन, छर्रे आणि टायर मात्र नवेच घ्या. आणि पाना उचलायच्या आधी गावातल्या एखाद्या चाचांना, काकांना विचारा. त्यांच्या वेळेचे पैसे द्या, फक्त चहा पाजून येऊ नका.

माझ्या सायकलच्या नळीवर अजून दोन भोकं आहेत. भरून घ्यायची होती, पण ठेवलीत तशीच. कोणी विचारलं की ही गोष्ट सांगतो.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि घरामागं गंजत पडलेली सायकल असेल तर भंगारात घालायच्या आधी एकदा दोरी लावून बघा.