आधी मुलं, मग शिक्षिका



गावोगावच्या बालवाड्यांतल्या तायांच्या या परिषदेच्या अध्यक्षपदासाठी आपण माझी निवड केलीत, त्याबद्दल मी आपली ऋणी आहे. परिषद मुंबईत भरते आहे, म्हणून या शहरात मराठी बालशिक्षिका घडवण्याचं काम कसं उभं राहिलं, त्याविषयी मी बोलणार आहे. आपल्या आजच्या बऱ्याच अडचणींचं मूळ त्या सुरुवातीच्या विस्मरणात आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

ही हकिकत सुरू होते ती भावनगरला. वकिली सोडून शिक्षणात आलेल्या गिजुभाई बधेकांनी १९२० साली तिथल्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढलं. शिक्षक तयार करणारं अध्यापन मंदिर निघालं ते १९२५ साली. मधली पाच वर्षं मला फार मोलाची वाटतात. आधी मुलं आली, त्यांच्याबरोबर रोजचं काम झालं, मुलाला स्वतःहून शिकू देणारी माँटेसरीबाईंची पद्धत आपल्या मातीत किती रुजते हे पाहिलं गेलं आणि मगच दुसऱ्यांना शिकवायला सुरुवात झाली.

याच काळात, १९२३ साली, ताराबाई मोडक भावनगरला गेल्या. मुंबई विद्यापीठाची पदवी घेतलेल्या ताराबाई त्याआधी राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या. म्हणजे शिक्षिका घडवण्याचंच काम त्यांच्या हाती होतं, तेही मानाच्या जागेवरून. ती जागा सोडून त्या अडीच-तीन वर्षांच्या मुलांत जाऊन बसल्या. शिक्षिकांना शिकवण्याचा अधिकार मुलांमध्ये बसूनच मिळतो, हे त्यांच्या या निर्णयात मला दिसतं. पुढे १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाई मराठीतून ‘शिक्षण पत्रिका’ चालवू लागल्या आणि घरातल्या आईबापांपर्यंतही हा विचार पोचू लागला.

१९३६ साली ताराबाईंनी दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू केलं. मुंबईतल्या मराठी बालशिक्षणाच्या दृष्टीने ही मोठी घटना. डॉ. माँटेसरी स्वतः हिंदुस्थानात आल्या त्या १९३९ साली, मद्रासच्या अड्यारला. म्हणजे त्यांचं पाऊल इथे पडण्याआधीच दादरमध्ये काम सुरू झालेलं होतं. शिशुविहाराला जोडूनच बालअध्यापन मंदिर चाललं. या ‘जोडूनच’मध्ये सगळं आलं. शिकणाऱ्या बाईला मूल पाहण्यासाठी दुसरीकडे जावं लागत नव्हतं.

आणि मूल पाहायचं म्हणजे काय? माँटेसरी साधनांतली, आपल्या सर्वांच्या हाताखालून गेलेली दट्ट्यांची पेटी डोळ्यांसमोर आणा. लाकडी ठोकळ्यात दहा खळगे, प्रत्येकात बसणारा एकेक दट्ट्या, वर धरायला बारीक मूठ. मूल बारीक दट्ट्या मोठ्या खळग्यात टाकतं. तो बसतो, म्हणून ते खूश होतं. शेवटी हातात जाड दट्ट्या उरतो आणि खळगा असतो बारीक. मूल थांबतं, दाबून पाहतं, आपल्याकडे बघतं. नव्या बाईचा हात लगेच पुढे जातो. तो आवरायचा असतो. कारण चूक पेटीनेच दाखवलेली असते आणि ती दुरुस्त करायची ताकद मुलात असते. थोड्या वेळाने मूल सगळे दट्टे काढून पुन्हा मांडायला घेतं, त्या क्षणी त्या बाईला बालशिक्षण कळतं. हे व्याख्यानातून सांगता येतं, अंगवळणी मात्र पडत नाही. ते रोज पाहावं लागतं आणि आपला हात का पुढे गेला, हे संध्याकाळी वहीत लिहावं लागतं.

पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. १९४५ साली ताराबाई खेड्यातल्या मुलांसाठी काम करायला बोर्डी गावी गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. महागड्या साधनांच्या जागी बिया, शिंपले, पानं, खडे आले. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली. देशभरच्या अंगणवाड्यांना आज जे नाव आहे, ते तिथलं.

आज काय चित्र आहे? २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा वर्षांपासून पुढच्या मुलांना हक्क देतो. तीन ते सहाचं मूल त्याच्या बाहेर राहिलं. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने ही तीन वर्षं शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात घेतली, याचं मी मनापासून स्वागत करते. पण त्या टप्प्यासाठी लागणारी ताई कुठे तयार होणार? एकही मूल जिथे नाही अशा इमारतीत, नोट्स उतरवून, चार्ट रंगवून प्रमाणपत्र घेतलेल्या मुली माझ्याकडे आल्या आहेत. मुली गुणी होत्या. त्यांना मुलांजवळ बसू दिलं गेलं नाही, ही शिकवणाऱ्यांची कसूर. आणि अशी तयार झालेली ताई जेव्हा चार वर्षांच्या मुलाचं बोट धरून जबरदस्तीने अक्षर गिरवून घेते, तेव्हा तिला बोल लावणं अन्यायाचं आहे.

म्हणून माझी या परिषदेला आग्रहाची विनंती आहे. उद्याच्या खुल्या अधिवेशनात एक ठराव मांडावा आणि एकमताने मंजूर करून शासनाकडे पाठवावा: ज्या संस्थेची स्वतःची, रोज चालणारी बालवाडी नाही, तिला बालशिक्षिका प्रशिक्षणाची मान्यता देऊ नये. ठरावाचा मसुदा मी आणला आहे. त्यावर आपल्या सर्वांच्या सह्या हव्या आहेत.