‘डर्मा’ आणि त्याचा गोतावळा

औषधांच्या दुकानातील काचेच्या कपाटाकडे पाहिले, म्हणजे मलमांच्या कितीतरी नळ्यांवर ‘डर्म’ ही अक्षरे कोठे ना कोठे आढळतात. कातडीच्या डॉक्टरांच्या पाटीवर तीच अक्षरे असतात आणि मुलांच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातही तीच. हा सारा गोतावळा ‘डर्मा’ या एका ग्रीक शब्दाचा आहे. त्याचा अर्थ त्वचा, असे कोशात दिलेले असते व ते बरोबरही आहे. परंतु हा शब्द मुळात जिवंत त्वचेचा नव्हे. ‘देरो’ म्हणजे सोलणे, या क्रियापदापासून तो निघाला. जे सोलून काढले ते ‘डर्मा’. होमरच्या काव्यात तो बहुधा जनावरांच्या कातड्यासाठी येतो. जिवंत माणसाच्या अंगकांतीला तेथे ‘ख्रोस’ असा निराळा शब्द आहे, आणि रंगवाचक ‘ख्रोमा’ हा त्याचाच आप्त होय. पुढे वैद्यांनी मात्र खाटकाचा आणि कातडे कमावणाऱ्याचा शब्द उचलला व तोच रूढ झाला.

या शब्दाचे आपल्याशीही दूरचे नाते आहे. संस्कृतातील ‘दॄ’ म्हणजे फाडणे, या धातूचे आणि ग्रीक ‘देरो’चे मूळ एकच, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. विदीर्ण, विदारण हे आपले शब्द त्याच धातूचे. त्याच कुळातला ‘दृति’ हा जुना शब्द वेदांत आढळतो. त्याचा अर्थ पाणी भरण्याची कातडी पिशवी, म्हणजे आपली पखाल. तेव्हा ग्रीकांचा ‘डर्मा’ आणि पखाल्याच्या खांद्यावरची ‘दृति’ ही लांबची भावंडे ठरतात.

मात्र आपल्या वैद्यकाने देहाचे वर्णन करताना ‘त्वचा’ हा शब्द पत्करला. सुश्रुताने सात त्वचा सांगितल्या आहेत आणि त्या कशा उत्पन्न होतात हे सांगताना तापवलेल्या दुधावर धरणाऱ्या सायीची उपमा दिली आहे. ही उपमा मला फार मार्मिक वाटते. ग्रीक शब्दात त्वचा ही काढून घेतलेली वस्तू आहे; सुश्रुताच्या उपमेत ती देहातूनच वर धरत आलेली आहे.

व्युत्पत्तीची ही हौस येथेच पुरे. व्यवहारात हे शब्द काय सांगतात, हा खरा प्रश्न आहे. ‘डर्मा’पासून झालेला शब्द जागा फार अचूक सांगतो. ‘एपि’ म्हणजे वर, म्हणून ‘एपिडर्मिस’ हा सर्वांत वरचा थर. ‘हायपो’ म्हणजे खाली, म्हणून ‘हायपोडर्मिक’ सुई त्वचेच्या खाली जाणारी. ‘इंट्रा’ हा आत या अर्थाचा उपसर्ग लॅटिन आहे. त्याचा ग्रीक शब्दाशी संकर करून ‘इंट्राडर्मल’ झाला. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना तो खटकेल, पण लस टोचणाऱ्या परिचारिकेला त्याच्यावाचून चालत नाही. नवजात बालकाच्या डाव्या दंडावर क्षयरोगाची बीसीजी लस टोचतात, ती त्वचेच्या खाली नव्हे, त्वचेच्या आत. मात्रा 0.05 मिलिलिटर, म्हणजे थेंबभर. सुई बरोबर बसली की तेथे लहानसा फिकट फुगवटा येतो. ती खोल गेली तर गळू होण्याची किंवा काखेत गाठ येण्याची भीती वाढते. कुत्रा चावल्यावर घ्यावयाची लसही आपल्या देशात 2006 पासून त्वचेच्या आत देता येऊ लागली. एका जागी केवळ 0.1 मिलिलिटर लस पुरते, कारण रोगजंतूंची वर्दी देणाऱ्या पेशींचा पहारा त्वचेत दाट असतो. स्नायूत टोचताना जी कुपी एका रोग्याला लागते, तिच्यात अनेकांचे भागते. एका उपसर्गाने गरिबाचा केवढा खर्च वाचवला आहे!

परंतु हाच शब्द कारण किंवा कूळ सांगू लागला, की फसगत होते. ‘पॅकिडर्म’ हेच पाहा. त्याचा अर्थ जाड कातडीचा. फ्रेंच शास्त्रज्ञ क्यूव्हिए याने हत्ती, गेंडा, पाणघोडा आदी प्राण्यांचा या नावाचा एक गट केला होता. पुढे कळले की गेंड्याचा सोयरा घोडा, पाणघोड्याचा देवमासा आणि हत्तीचा समुद्रातील मंदगती डुगाँग. गट मोडला, शब्द तेवढा राहिला. आपण निर्लज्ज माणसाला गेंड्याच्या कातडीचा म्हणतो, त्यात प्राणिशास्त्राचा दावा नसतो, इतकेच. (हत्तीच्या त्या जाड कातडीला माशी बसलेली कळते, हेही येथे सांगावयास हवे.)

‘डर्मटायटिस’ हा शब्द तर घरोघरी पोहोचला आहे. रोगी डॉक्टरांना सांगतो, “कातडी लाल झाली आहे, आग होते.” डॉक्टर चिठ्ठीवर ‘डर्मटायटिस’ लिहितात. त्याचा अर्थ त्वचेचा दाह. म्हणजे रोग्याने जे मराठीत सांगितले, तेच त्याला ग्रीकमध्ये परत मिळाले! हा दोष डॉक्टरांचा नव्हे. कारणाचा शोध येथून सुरू व्हावा अशी त्यांची अपेक्षा असते. रोगी मात्र निदान झाले अशा समजुतीने घरी जातो. दाह गवंड्याच्या हाताला सिमेंटमुळे झाला असेल, किंवा कानातील खोट्या दागिन्यातल्या निकेलमुळे. 1956 मध्ये ज्याची पुण्यात नोंद झाली आणि पाहता पाहता ज्याने देश व्यापला, त्या गाजरगवतामुळे शेतकऱ्याच्या पापण्या आणि मान सुजलेली असेल. ग्रीक नाव सर्वांना एकच. याउलट आपल्या बायाबापड्या ‘बिब्बा उतला’ म्हणतात, तेव्हा दोनच शब्दांत कारण आणि परिणाम दोन्ही येतात. असल्या शब्दांना ग्राम्य समजून टाकून देण्याची आपली खोड मला मुळीच पसंत नाही.

‘डर्मॅटोफाइट’ म्हणजे त्वचेवरील वनस्पती. गजकर्ण किंवा नायटा ज्या बुरशीने होतो तिचे हे नाव. बुरशी ही वनस्पती नव्हे हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक असते. नाव तसेच चालले आहे. यात कोणाचे बिघडत नाही. बिघडते ते नळीवरील ‘डर्म’ या अक्षरांवर भरवसा ठेवून कोणतेही मलम चोळल्याने. अशा अनेक मलमांत स्टिरॉइड असते. त्याने दोन दिवसांत खाज आणि लाली शमते, रोगी सुखावतो. बुरशी मात्र, तिला अडवणारा दाहच मावळल्यामुळे, निर्वेध पसरते आणि गजकर्णाचे नेहमीचे कडे पुसले जाऊन ते ओळखूही येईनासे होते. आपल्या देशात अलीकडे औषधांना दाद न देणारा गजकर्ण फार वाढला आहे. त्याच्या एका बुरशीला 2020 मध्ये जे शास्त्रीय नाव मिळाले, त्या ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ नावात आपल्या देशाचे नाव गोवले गेले आहे. हा बहुमान नव्हे.

या गोतावळ्यात एक शब्द आपल्या देशात घडलेला आहे. कलकत्त्याचे डॉक्टर उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी काळा आजारावर युरिया स्टिबामाइन हे औषध शोधून असंख्य प्राण वाचवले. 1922 मध्ये त्यांनीच दाखवून दिले की त्या आजारातून उठलेल्या काही रोग्यांच्या अंगावर पुढे फिकट चट्टे व गाठी येतात आणि त्यांत त्याच रोगाचे परजीवी असतात. या विकाराला त्यांनी ‘डर्मल लीशमनॉइड’ असे नाव दिले. येथे मात्र ‘डर्मल’ हा शब्द जागा सांगूनच मोलाचा ठरला. प्लीहा निवळली, ताप गेला, रोग्याने औषध सोडले. रोग मात्र त्वचेत मुक्कामाला राहिला होता. या चट्ट्यांना सहसा खाज नाही, वेदना नाही. कुष्ठाच्या चट्ट्यासारखा तो बधिरही नसतो, तरी पाहणाऱ्याला कुष्ठाचा किंवा कोडाचा भास होतो. त्या भयाने रोगी चट्टा झाकून ठेवतो, किंवा काही दुखत नाही म्हणून दवाखान्यात जातच नाही. बिहारमधील मातीच्या घरांत, भिंतींच्या ओलसर भेगांतून राहणारी चिमुकली वालुमाशी रात्री त्याला चावते आणि तेथून निघून शेजारच्या अंथरुणावरील मुलाला चावते.