घरातली दुसरी ताटे
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला "आरोग्यावर चार शब्द बोला" असे सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषण म्हणजे आमच्या शाळेत मास्तर करीत आणि आम्ही टाळ्या वाजवीत असू, एवढीच माझी माहिती. पण त्या म्हणाल्या, "शिकलेले सांगू नका, भोगलेले सांगा." म्हणून उभी राहिले आहे. भोगलेले आहे ते माझे. शास्त्राचे जे सांगणार आहे ते माझ्या भाचीने समजावून दिलेले आहे. ती परिचारिका आहे. तिने मला ते संशोधन मराठीत सांगितले, मी वहीत उतरून घेतले आणि समजले नाही तिथे तीनतीनदा विचारले. तरी काही चुकले तर चूक माझी, भाचीची नव्हे.

विषय क्षयाचा आहे. आणि सुरुवातीलाच मला एक कबुली द्यायची आहे. २०१५ साली आमचे हे पाच-सहा महिने घरी होते, तेव्हा तुमच्यापैकी कित्येकींनी विचारपूस केली होती. मी सर्वांना "छातीत कफ झाला आहे" असे सांगितले. तो कफ नव्हता, क्षय होता. मुलगी घरात आहे, उद्या तिच्या लग्नाच्या वेळी कोणी काही काढील, या भीतीने मी खोटे बोलले. आज त्याची क्षमा मागते.

औषध सुरू झाले. दवाखान्यात सांगितले की रोग्याला सकस खायला द्या. आता तुम्हीच सांगा, पगार अर्धा झालेला आणि खायला सकस घालायचे, तर बाई काय करील? दूध होते ते ह्यांना. अंडे आणले तर ह्यांना. डाळीचे घट्ट वरण ह्यांना, आणि खालचे पाणी आम्हां मायलेकींना. सासूबाईंना दात नव्हते म्हणून त्यांना भात. मुलगी तेव्हा दहा वर्षांची. तिने कधी मागितले नाही. उलट "बाबांना दे" म्हणायची. मला तिचा अभिमान वाटे. शेजारपाजारच्यांना कळले असते तर त्यांनीही कौतुकच केले असते, की केवढी समजूतदार पोर!

हे बरे झाले. कामावर जाऊ लागले. आणि नऊ महिन्यांनी मुलीच्या मानेला गाठ आली. दुखेना म्हणून मी शेकत बसले, हळद लावली. दीड महिन्याने डॉक्टरांकडे नेले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "घरात कोणाला क्षय होता का?" आणि दुसरा विचारला, "मग तेव्हा हिला तपासले का नाही?" तपासले नव्हते. आम्हांला कोणी सांगितले नव्हते, आणि मीही लपवालपवीत विचारायला गेले नव्हते.

ती बरी झाली. आज एकवीस वर्षांची आहे, नोकरी करते, आणि तिच्याच परवानगीने मी हे बोलते आहे. पण तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात होता: एका ताटातले काढून दुसऱ्या ताटात घातले, त्यात माझे काही चुकले का?

त्याचे उत्तर मला गेल्या वर्षी मिळाले. पण त्याआधी क्षय कसा होतो ते थोडे सांगते. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरांनी शोधला आणि २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केला. रोगी खोकला, शिंकला की जंतू हवेत येतो आणि दुसऱ्याच्या श्वासाबरोबर छातीत जातो. कपबशीने, कपड्यांनी तो पसरत नाही. म्हणून रोग्याची ताटवाटी वेगळी ठेवण्याने काही साधत नाही, फक्त त्याचे मन दुखते. जंतू छातीत गेला म्हणजे रोग झालाच असेही नाही. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी त्याच्याभोवती गोळा होतात आणि त्याला कोंडून ठेवतात. तो मरतोच असे नाही, पण राखेखालच्या निखाऱ्यासारखा दडपून राहतो. जंतू शिरलेल्या शंभर माणसांपैकी पाच ते दहा जणांनाच आयुष्यात केव्हातरी रोग होतो. मग या पाच-दहांना का होतो आणि बाकीच्यांना का होत नाही? कारणे पुष्कळ आहेत. मधुमेह, दारू, तंबाखू, एचआयव्ही. पण आपल्या देशात सर्वांत मोठे कारण पोटाला पुरेसे न मिळणे हे आहे. अन्न कमी पडले की त्या राखणदार पेशीही दुबळ्या होतात, आणि निखारा राख झटकून वर येतो.

मग इतकी वर्षे अन्नाकडे कोणी पाहिले नाही का? याचीही एक कथा आहे. पूर्वी क्षयावर औषध नव्हते. चांगली हवा, विश्रांती आणि दूध-अंडी हाच इलाज, आणि त्यासाठी आरोग्यधामात महिनोन् महिने राहायचे. गरिबाला ते कोठून मिळणार? १९५६ साली मद्रासला एक केंद्र निघाले. त्यांनी शहरातील गरीब रोग्यांचे दोन गट केले. एका गटाला आरोग्यधामात ठेवले, दुसऱ्याला त्यांच्याच घरी ठेवून औषध दिले. घरच्यांचे खाणे पुष्कळच कमी होते, विश्रांतीही नव्हती. तरी १९५९ साली निष्कर्ष आला तो असा की दोन्हीकडचे रोगी जवळजवळ सारखेच बरे झाले. घरी राहिलेल्या रोग्यांच्या नातलगांनाही क्षय जास्त झाला नाही. यामुळे सगळ्या जगात रोग्यांना घरी ठेवून औषध देण्याची पद्धत पडली आणि लाखो संसार मोडायचे वाचले. ते फार मोठे काम झाले. पण त्यातून लोकांनी असा अर्थ घेतला की औषध आहे ना, मग अन्नाची काळजी नको. औषधाने रोगी बरा होतो हे खरेच. पण त्याच्या शेजारी बसून जेवणाऱ्यांचे काय, हा प्रश्न राहूनच गेला.

तो प्रश्न आपल्याच देशातील डॉक्टरांनी हाती घेतला. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव हे पतिपत्नी त्यात पुढे होते. झारखंड राज्यातील चार जिल्ह्यांत, ऑगस्ट २०१९ पासून, फुप्फुसाचा क्षय झालेल्या २,८०० रोग्यांची घरे त्यांनी घेतली. त्या घरांत मिळून १०,३४५ माणसे होती. बहुतेक संथाळ, हो, मुंडा, उराँव अशा आदिवासी समाजातील. सर्व रोग्यांना औषधाबरोबर दरमहा दहा किलोंचा शिधा दिला. तांदूळ, डाळ, दुधाची भुकटी, तेल आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. फरक केला तो पुढे. निम्म्या विभागांत रोग्याबरोबर घरातल्या प्रत्येक माणसालाही शिधा दिला: महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि गोळ्या. दहा वर्षांच्या आतील मुलांना निम्मे. उरलेल्या निम्म्या विभागांत घरचे लोक नेहमीचेच जेवत राहिले. मध्ये २०२० ची टाळेबंदी आली, तरी काम थांबले नाही. दोन्हीकडच्या सर्व माणसांवर जुलै २०२२ पर्यंत लक्ष ठेवले, कोणाला क्षय होतो का ते पाहिले.

आता आकडे सांगते. जिथे फक्त रोग्याला शिधा होता तिथे घरच्या ४,७२४ माणसांपैकी १२२ जणांना क्षय झाला. जिथे सर्वांना शिधा होता तिथे ५,६२१ माणसांपैकी ९६ जणांना. मी वहीत भागाकार केला. हजारी सुमारे २६ आणि हजारी सुमारे १७. शास्त्रज्ञांनी सगळा हिशेब करून सांगितले की क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले, आणि दुसऱ्याला लागणारा जो छातीचा क्षय, तो ४८ टक्क्यांनी. ऑगस्ट २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात हे छापून आले.

भाचीने हे वाचून दाखवले तेव्हा माझ्या हातातला तवा तसाच राहिला. शिधा नसलेले ते जे पहिले घर, रोग्याचे ताट भरलेले आणि बाकीची ताटे रिकामी, ते माझेच घर होते. मुलीला क्षय तेवढ्यामुळेच झाला असे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. एका घराचा न्याय असा करता येत नाही, असे भाचीनेही बजावले. पण माझ्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले.

आणि बायांनो, तो शिधा केवढा होता ते पाहा. बदाम नव्हते, तूप नव्हते. पाच किलो तांदूळ म्हणजे रोजचे सुमारे १६५ ग्रॅम. दीड किलो डाळ म्हणजे रोजची ५० ग्रॅम. एवढ्या मूठभर धान्याने ती माणसे वाचली. आणि ही मूठ आपल्या घरात कोणाच्या ताटातून कमी होते? जी शेवटी जेवते तिच्या. आपण त्याला त्याग म्हणतो. माझ्या मुलीने तो दहाव्या वर्षीच माझ्याकडे बघून शिकून घेतला होता.

रोग्यांविषयीही त्यांनी एक गोष्ट पाहिली. त्यांतील पाचांपैकी चार रोग्यांचे वजन मुळातच कमी होते. ज्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढले, म्हणजे चाळीस किलोंच्या माणसाचे दोन किलोंनी, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण फारच कमी दिसले. तेव्हा घरात वजनकाटा नसेल तर दवाखान्यात जाऊन दर महिन्याला वजन करून घ्या.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. अन्न हे औषधाच्या जागी नाही, औषधाच्या जोडीला आहे. झारखंडच्या सर्व रोग्यांना औषध चालूच होते. बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. घरात कोणाला क्षय निघाला तर त्याच आठवड्यात सर्वांची तपासणी करून घ्या, अगदी तान्ह्या मुलाचीही. रोग नसेल तर तो होऊ नये म्हणूनही गोळ्या मिळतात. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणे, मानेला न दुखणारी गाठ यांतले काही दिसले तर हळद लावीत बसू नका. मी बसले होते.

रोग्याला सरकारकडून पोषणासाठी पैसेही मिळतात. २०१८ पासून महिन्याला पाचशे रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झाले. ते मागण्यात कमीपणा नाही.

शेवटी एक विनंती. २०२२ पासून 'निक्षय मित्र' म्हणून कोणालाही, मंडळालासुद्धा, रोग्याला दरमहा शिधा देता येतो. २०२४ मध्ये त्यात रोग्याच्या घरच्या माणसांनाही सामावून घेतले आहे. आपण वर्धापनदिनाला दोन पक्वान्ने करतो. या वर्षी एकच करू या आणि उरलेल्या पैशांतून आपल्या वस्तीतील दोन घरे सहा महिने सांभाळू या. नावे कोणाला कळण्याची गरज नाही. आशाताई शिधा पोचवतील. पण देताना रोग्यापुरता देऊ नका, घरात जितकी ताटे मांडली जातात तितक्यांचा द्या. डाळ मोजून देण्याचे काम माझ्याकडे द्या.

आणि आज रात्री घरी गेल्यावर, आपल्या स्वतःच्या ताटात वरण किती उरते तेवढे प्रत्येकीने पाहावे.