गणिताचा पदवीधर आणि शाळेचा फळा

गणित विषय घेऊन बी.एस्सी. झालेल्या तरुणाने शाळेत शिकवण्याचा मनोदय बोलून दाखवला, की घरातील वडीलधारी मंडळी क्षणभर गप्प होतात. एवढे शिकून शेवटी मास्तरकीच करायची काय, हा प्रश्न कोणी उघड विचारतो, कोणी नजरेने. त्या प्रश्नामागे एक समजूत असते. महाविद्यालयातील गणित उच्च, शाळेतील गणित प्राथमिक. तेव्हा पहिले जाणणाऱ्याने दुसरे शिकवीत बसणे हा विद्येचा अपव्यय होय.

या समजुतीची परीक्षा वर्गातच होते. एखादा मुलगा एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज दोन पंचमांश अशी मांडतो. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. सामान्य शिक्षक त्यावर तांबडी फुली मारून पुढे जातो. परंतु जाणता शिक्षक थबकतो; कारण मुलाची रीत सर्वस्वी वेडेपणाची नसते. एका चाचणीत दोनांपैकी एक उत्तर बरोबर आले आणि दुसरीत तीनांपैकी एक, तर एकंदर पाचांपैकी दोन बरोबर, हे खरेच आहे! मग चुकते कोठे? येथे दोन अपूर्णांक एकाच पूर्ण वस्तूचे भाग नाहीत, हे मुलाच्याच तोंडून वदवून घेण्यास गणिताची खरी जाण लागते. पदवीचे शिक्षण उपयोगी पडते ते असे, अवघड सिद्धांत वर्गात सांगून नव्हे.

शाळेत राहूनही गणिताशी नाते जिवंत ठेवणाऱ्यांत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असतानाच, १९२७ मध्ये, त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते पदवीधर झाले. त्यापुढची पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत, नाशिकजवळच्या देवळालीत, ते शाळाशिक्षक होते.

त्यांचे संशोधन चौथी-पाचवीच्या मुलाला कळेल अशा सामग्रीवर उभे आहे. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. मात्र चारही अंक सारखे नसावेत. ३५२४ घेतली, तर अंक उतरत्या क्रमाने लिहून ५४३२ आणि चढत्या क्रमाने लिहून २३४५, वजाबाकी ३०८७. पुन्हा तीच कृती केली की ८३५२. आणखी एकदा केली की ६१७४. यापुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येत राहते. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या येथेच येऊन थांबते. डोंबिवली स्थानकावरून त्यांनी एका संख्याप्रकारास ‘डेम्लो’ असे नाव दिले. दुसऱ्या एका प्रकारास गावाचेच नाव मिळाले. १५ मध्ये तिचे अंक १ व ५ मिळवले की २१ होतात. म्हणजे २१ ला १५ ही जननी आहे. २० ला मात्र अशी जननी सापडत नाही. ती देवळाली संख्या!

परंतु त्यांचे चरित्र केवळ गौरवाने सांगितले, तर नव्या पदवीधराची फसवणूक होईल. देशातील अनेक गणितज्ञांनी त्यांच्या कामाकडे क्षुल्लक म्हणून पाहिले. बरेचसे लेखन त्यांना स्वतःच छापावे लागले. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये अमेरिकेतील नियतकालिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष गेले. त्या वेळी निवृत्त होऊन तेरा वर्षे लोटली होती. निवृत्तिवेतन अपुरे पडे, म्हणून उतारवयात त्यांना खासगी शिकवण्या कराव्या लागल्या.

आजच्या पदवीधराची वाट निराळ्या कारणांनी कठीण आहे. पदवीनंतर बी.एड., पुढे पात्रतेच्या व अभियोग्यतेच्या परीक्षा, आणि मग जागा निघण्याची प्रतीक्षा. तीत उमेदीची वर्षे सरतात. या वर्षांत अनेकांचे गणित सुटते, आणि नोकरी लागते तेव्हा हाती केवळ पाठ्यपुस्तक उरलेले असते. कापरेकरांकडे ग्रंथालय नव्हते, सहकारी संशोधक नव्हते. कागद, पेन्सिल आणि अंकांचे वेड एवढेच होते. १९८६ साली देवळालीतच त्यांचे निधन झाले, तोवर ते आकडेमोड करीतच होते.